विश्लेषण : सांघिक खेळांच्या शिबिरातून खरेच संघ घडतो का?

पावसाळा लागला की लोणावळा, कर्जत, मुळशी, कोलाड या पट्ट्यातल्या रिसॉर्टांच्या दारात शनिवारी सकाळी बसगाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांचे कर्मचारी, अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक उत्साही प्रशिक्षक आणि दिवसभराचा कार्यक्रम ठरलेला. एकमेकांत गुंतलेल्या हातांची गाठ सोडवा, डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीचा चौकोन करा, जमिनीला पाय न लावता पलीकडे जा, कच्च्या पास्त्याचा मनोरा उभारा. या सगळ्याचे नाव ‘टीम बिल्डिंग’. सोमवारी समूहछायाचित्र कार्यालयाच्या ग्रुपवर पडते आणि मंगळवारी त्याच दोन विभागांत त्याच फायलीवरून तोच वाद सुरू होतो. मग हे खेळच निरुपयोगी आहेत, की ते ज्या पद्धतीने खेळवले जातात त्यात खोट आहे? खोट पद्धतीत आहे, असे म्हणायला भरपूर आधार आहे. आणि तो या खेळांच्या इतिहासातच सापडतो.

मार्शमॅलोचा खेळ काय आहे?

या प्रकारातला सर्वात गाजलेला खेळ घेऊ. साहित्य अगदी किरकोळ : स्पॅगेटीच्या २० कच्च्या काड्या, मीटरभराहून थोडी कमी चिकटपट्टी, तेवढीच सुतळी आणि एक मार्शमॅलो. चार जणांचा गट करायचा. १८ मिनिटांत टेबलावर स्वत:च्या पायावर उभा राहील असा जास्तीत जास्त उंच मनोरा बांधायचा आणि त्याच्या टोकावर अख्खा मार्शमॅलो बसवायचा. काड्या मोडायला, चिकटपट्टी कापायला परवानगी आहे. मार्शमॅलोला मात्र हात लावायचा नाही, म्हणजे तो तोडायचा किंवा खायचा नाही. डिझायनर पीटर स्किलमन यांनी हा खेळ रचला आणि २०१० मध्ये टॉम वुजेक यांच्या ‘टेड’ व्याख्यानामुळे तो जगभर पोहोचला.

बहुतेक मोठी माणसे हा खेळ एकाच साच्यात खेळतात. आधी ओळखपाळख, मग गटात कोणाचे चालणार याची मूक चाचपणी, मग कागदावर आराखडा. त्यानंतर काड्या जोडण्यात बराचसा वेळ जातो. शेवटच्या मिनिटाला कोणीतरी मार्शमॅलो हलकेच टोकावर ठेवतो, सगळे दोन पावले मागे सरकतात आणि मनोरा वाकून खाली येतो. मार्शमॅलो दिसायला कापसासारखा असला तरी पास्त्याच्या काडीच्या मानाने चांगलाच जड असतो. हे १७ मिनिटे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मुख्य वजन सगळ्यात शेवटी ठेवायचे हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेले असते. (आपल्याकडे काही ठिकाणी पास्त्याऐवजी खराट्याचे हीर वापरतात. त्यात खेळाची निम्मी गंमत जाते. हीर वाकतो, पास्ता मोडतो, आणि मोडणे हाच यातला धडा आहे.)

बालवाडीची मुले व्यवस्थापकांना खरेच हरवतात?

वुजेक यांनी आपल्या सुमारे ७० कार्यशाळांतल्या नोंदी सांगितल्या त्या अशा. सरासरी मनोरा २० इंचांच्या आसपास असतो. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी साधारण त्याच्या निम्म्यावर थांबतात. नुकतीच बालवाडी संपवलेली मुले त्यांच्याहून बरीच वर जातात. वास्तुरचनाकार आणि अभियंते सर्वात उंच बांधतात, आणि त्यांनी बांधलेल्या इमारतींत राहणाऱ्या सगळ्यांसाठी हे दिलासादायकच म्हणायचे. मुलांचे यश कशात, तर ती पहिल्यापासून मार्शमॅलो टोकावर ठेवून पाहतात. पडला, पुन्हा. पडला, पुन्हा. १८ मिनिटांत त्यांचे चार-पाच प्रयोग होतात, मोठ्यांचा एकच होतो आणि तोही वेळ संपल्यावर कळतो.

‘पोरे एमबीएवाल्यांना हरवतात’ हे वाक्य त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी बसले. ते थोडे जपून घ्यायला हवे. या कार्यशाळांतल्या नोंदी आहेत, काटेकोर प्रयोगाचे निष्कर्ष नव्हेत. शिवाय त्याच व्याख्यानातल्या दोन गोष्टी प्रशिक्षक सहसा सांगत नाहीत आणि कंपन्यांच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली : कंपनीप्रमुखांचे गट सरासरीपेक्षा किंचितच बरे ठरले, पण त्यांच्या गटात एखादी कार्यालयीन साहाय्यक आली की निकाल ठळकपणे सुधारला. कोण काय करतेय, किती वेळ उरला, कोणाचे ऐकायचे राहून गेले यावर लक्ष ठेवणारे माणूस गटात आले, एवढाच फरक. दुसरी गोष्ट बक्षिसाची. डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या दहा गटांना वुजेक यांनी १०,००० डॉलर किमतीच्या सॉफ्टवेअरचे आमिष दाखवले. दहापैकी एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही. चार महिन्यांनी, आधी छोटे प्रयोग करून बघण्याचे महत्त्व कळल्यावर, त्याच विद्यार्थ्यांनी त्याच बक्षिसासाठी उत्तम कामगिरी केली. कौशल्य नसताना बक्षीस मोठे केले तर माणसे बिचकतात. तिमाही उद्दिष्टे आणि ‘इन्सेंटिव्ह’ यांच्या आधारावर चालणाऱ्या किती कंपन्या ही दुसरी गोष्ट आपल्या शिबिरात सांगू देतील, हा प्रश्नच आहे.

हे खेळ आले कुठून?

दोरी, भिंती, ओंडके यांच्या खेळांचे मूळ कॉर्पोरेट जगात नाही, दुसऱ्या महायुद्धात आहे. कुर्ट हान हे जर्मनीतले ज्यू शिक्षणतज्ज्ञ. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते ब्रिटनला गेले आणि स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. १९४१ मध्ये जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. पाणबुडीने जहाज बुडवल्यावर जीवरक्षक होड्यांत धडधाकट तरुण खलाशी आधी हार मानतात आणि मुरलेले वयस्क खलाशी तग धरतात, हे होल्ट यांचे निरीक्षण या शाळेमागे होते, असे सांगितले जाते. थोडक्यात, खेळ जगण्या-मरण्याच्या तयारीसाठी होता.

पुढे ही कल्पना अमेरिकेत गेली. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हॅमिल्टन इथल्या एका सरकारी हायस्कूलात ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झाले. डोंगर-समुद्रावर महिनाभर जाणे प्रत्येक विद्यार्थ्याला शक्य नाही, तर तो अनुभव शाळेच्या मैदानातच आणावा, हा त्यामागचा विचार. आज रिसॉर्टवर दिसणारे बहुतेक खेळ या परंपरेतले आहेत. तिथल्या कार्ल रोंकी यांनी एक तत्त्व रुजवले : आव्हान सर्वांपुढे ठेवायचे, पण ते कितपत घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ‘मी इथवरच येईन’ असे म्हणणाऱ्याला कोणी डिवचायचे नाही आणि त्याने कारणही द्यायचे नाही. दुसरी अट चर्चेची. खेळ संपला की गोल करून बसायचे : काय झाले, का झाले, कोणाचे ऐकले गेले नाही, उद्या वर्गात याचा काय उपयोग. शाळेतल्या त्या मूळ रचनेत खेळ हे चर्चेचे निमित्त होते.

रिसॉर्टपर्यंत येताना दोरी आली, भिंत आली, शिट्टीही आली. मुभा आणि चर्चा या दोन गोष्टी मात्र वाटेत गळाल्या.

लष्करी निवडीत हेच खेळ वेगळे का ठरतात?

अधिकारी होण्यासाठी ‘एसएसबी’ला जाऊन आलेल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला हे खेळ नवे नाहीत. १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराने अधिकारी निवडण्यासाठी नवी मंडळे नेमली. त्यात मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी एक साधी, पण विलक्षण युक्ती काढली. आठ-दहा उमेदवारांना मैदानावर आणायचे, एक अवघड काम द्यायचे आणि नेता कोण हे सांगायचेच नाही. दुसऱ्या वर्षीपासून ही पद्धत भारतात आली आणि थोड्याफार बदलांसह आजही चालू आहे. उमेदवारांना फळी, बल्ली, दोरी आणि एक ओझे मिळते. लाल रंगवलेल्या भागाला ना माणसाने शिवायचे, ना सामानाने. अडथळे एकामागून एक कठीण होत जातात आणि बाजूला उभा असलेला अधिकारी, म्हणजे ‘जीटीओ’, शांतपणे पाहत राहतो.

तो काय पाहतो? बायन यांच्या रचनेतली खोच इथे आहे. उमेदवाराला स्वत: निवडले जायचे असते आणि काम मात्र गटानेच पार पडते. दोन्ही गोष्टी ओढाताण करतात. जो फक्त स्वत:ची चमक दाखवतो तो गटाला अडवतो. जो नुसता ओझे उचलतो तो कोणाच्या नजरेत भरत नाही. ताण वाढला की माणूस यांतले काय निवडतो, हे पाहण्यासाठीच तो खेळ आहे. आरडाओरडा करून पुढारपण मिळते असे शिकवणारे खासगी वर्ग कमी नाहीत आणि त्यांच्या उमेदवारांच्या गटचर्चेचा अनेकदा मासळीबाजार होतो. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालणारी राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था आणि आता मुलींसाठी नाशिकला सुरू झालेली संस्था यांतली तयारी काही महिन्यांची नव्हे, वर्षांची असते, ते उगाच नाही.

इथे एक फरक स्पष्ट व्हायला हवा. लष्करातला खेळ ही परीक्षा आहे आणि उमेदवाराला ते ठाऊक असते. रिसॉर्टवरचा खेळ ही मौज आहे असे सांगितले जाते, पण कडेला साहेब उभा असतो आणि कोण ‘लीडरशिप मटेरियल’ आहे याची मनातल्या मनात नोंद होत असते. कर्मचारीही तेवढे ओळखून असतात. मग ते खेळत नाहीत, खेळण्याचा अभिनय करतात. जो खेळ परीक्षाही आहे आणि नाहीही, त्यातून कोणालाच काही धड कळत नाही.

भांडणारे गट एकत्र आणता येतात?

येतात, पण नुसते एकत्र बसवून नाही. समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ‘रॉबर्स केव्ह’ या उद्यानात केलेला प्रयोग यासाठी अजून आठवावा लागतो. साधारण ११ वर्षांची २२ मुले, दोन गट. आधी एकमेकांचा पत्ता नाही, मग स्पर्धांवर स्पर्धा. काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर छापे इथवर मजल गेली. मग समेटाचा प्रयत्न सुरू झाला. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. झाले काय, तर जेवणात अन्नाची फेकाफेक झाली. ‘एकत्र वेळ घालवला की माणसे जवळ येतात’ या समजुतीवर वर्षाला लाखो रुपये खर्च करणाऱ्यांनी या फेकाफेकीकडे जरा लक्ष द्यावे.

नंतर जे जमले ते असे. छावणीचे पाणी बंद पडले. बिघाड शोधायला दोन्ही गट लागले. सिनेमा आणायला पैसे कमी पडले. दोघांना वर्गणी काढावी लागली. जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना. मुलांनी त्याला दोर बांधून ओढले, आणि तो दोर त्यांच्या आधीच्या रस्सीखेचीचाच होता. एका कामाने फरक पडला नाही, अशी अनेक कामे झाल्यावर पडला. शेवटी मुलांनी एकाच बसने परतायचे ठरवले.

या प्रयोगाला दुसरी बाजू आहे. मुलांना आपल्यावर प्रयोग होतोय हे माहीत नव्हते, पाणी बंद पाडणारे प्रयोगकर्तेच होते आणि आदल्या वर्षी अशाच एका छावणीत मुलांनी भांडायलाच नकार दिल्याने तो प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. लेखिका जिना पेरी यांनी २०१८ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. तेव्हा ‘रॉबर्स केव्ह’ला वेदवाक्य मानायचे कारण नाही. पण त्यातून उरतो तो मुद्दा भक्कम आहे : गरज खरी हवी आणि ती एकट्या गटाच्या आवाक्याबाहेरची हवी. विक्री विभाग आणि उत्पादन विभाग यांना रस्सीखेचीत समोरासमोर उभे करणारा प्रशिक्षक शेरीफ यांच्या प्रयोगाचा दुसरा आठवडा पुन्हा घडवत असतो.

रस्सीखेचीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वीच मोजून दाखवले होते की दोर ओढणारी माणसे वाढवली तर एकूण जोर वाढतो, पण दरडोई घटतो. आठ जणांच्या गटात प्रत्येकाचा जोर एकट्याच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो. काही भाग पाय-हात एकाच वेळी न लागण्याचा. उरलेला ‘इतके जण आहेत, माझ्यावाचून काय अडतेय’ या भावनेचा. पुढच्या प्रयोगांत डोळे बांधलेल्या माणसाला मागे बाकीचे ओढताहेत असे नुसते भासवले, तरी त्याचा जोर कमी झाला. मोठा गट, एकच मोठा खेळ आणि कोणाचेही नेमके काम ठरलेले नाही, हे शिबिराचे नेहमीचे रूप आळसाला आमंत्रण देणारे आहे.

संशोधनाचा कौल काय?

‘टीम बिल्डिंग’ या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात : उद्दिष्टे ठरवणे, परस्परसंबंध सुधारणे, अडचणी मिळून सोडवणे आणि कोणाची जबाबदारी काय हे स्पष्ट करणे. एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा एकूण कामगिरीवर ठळक परिणाम दिसला नाही. त्यातल्या त्यात जबाबदाऱ्या स्पष्ट करण्याचा भाग उपयोगी ठरला. २००९ मधली दुसरी मोठी छाननी अधिक आशादायी होती. त्यात परिणाम दिसला, पण उद्दिष्टे आणि जबाबदाऱ्या यांवर भर देणाऱ्या उपक्रमांचा तो अधिक होता. म्हणजे रिसॉर्टवर ज्याचा बोलबाला असतो तो संबंध सुधारण्याचा भाग चारपैकी एकच आहे, आणि सर्वात प्रभावी तोही नाही. टेबलाभोवती बसून ‘ही फाइल नेमकी कोणाची’ हे दोन तासांत मिटवणे याला कोणी टीम बिल्डिंग म्हणत नाही, त्याचे छायाचित्रही काढत नाही. पण पुरावा त्या बाजूला आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा अभ्यासही इथे लागू पडतो. रुग्णालयांतले चांगले गट कमी चुका करतात का, हे पाहायला त्या गेल्या, तर चांगल्या गटांत चुकांची संख्या जास्त दिसली. उलगडा असा झाला की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी याला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले : चूक कबूल केली, शंका विचारली, मदत मागितली तर आपला अपमान होणार नाही ही खात्री. मार्शमॅलोच्या खेळात ती खात्री १८ मिनिटे असते, कारण मनोरा पडला तरी कोणाचे काही बिघडत नाही. सोमवारी तीच व्यक्ती बैठकीत ‘हे जमणार नाही, आधी लहान प्रमाणात करून पाहू’ म्हणाली तर तिचे काय होते, यावर त्या १८ मिनिटांची किंमत ठरते. ते वातावरण कोणताही प्रशिक्षक दिवसाच्या भाड्याने आणून देऊ शकत नाही.

सक्तीचे काय?

रोंकी यांनी दिलेली मुभा गळाल्याचे परिणाम इथे दिसतात. शनिवार हा बहुतेकांचा हक्काचा सुटीचा दिवस. घरी लहान मूल, आजारी आई-वडील, स्वत:ची पाठदुखी, पाण्याची किंवा उंचीची भीती, मासिक पाळी यांपैकी कशाचेही कारण देणे म्हणजे ते सगळ्यांसमोर सांगणे. न जाणारा ‘टीम प्लेयर’ नाही असा शिक्का बसतो. मागे वळून डोळे मिटून सहकाऱ्यांच्या हातांत पडायचे, हा ‘विश्वासाचा’ खेळ तर बाद करावा असाच आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हातांत सक्तीने पडून विश्वास निर्माण होत नाही, मणक्याला इजा मात्र होऊ शकते. आणि सहकाऱ्यांनी अंगाला हात लावावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कर्मचारी महिलेने शनिवारपुरता कंपनीकडे सोपवलेला नसतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन हेही ‘कामाचे ठिकाण’च मानले आहे. रिसॉर्ट आणि तिथे नेणारी बस दोन्ही त्यात येतात. अनेक कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांना याची आठवण सहलीच्या आधी नव्हे, नंतर येते.

फ्रान्समध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये एका कर्मचाऱ्याला काढले; तो कंपनीच्या ‘मौजे’च्या संस्कृतीत, म्हणजे मद्यपानाच्या मेजवान्यांत आणि त्यात होणाऱ्या चाळ्यांत, सामील होत नाही हे त्यातले एक कारण. त्यात सामील न होणे हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. आपल्याकडे असा खटला उभा राहण्याची शक्यता कमी, कारण कर्मचारी त्याआधीच मुकाट्याने बसमध्ये बसतो.

आणि बसमध्ये कोण नसते? ज्यांच्यावाचून कार्यालय एक दिवस चालणार नाही ते सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चालक, कॅन्टीनमधली मंडळी. ती कंत्राटदाराची माणसे, म्हणून ‘टीम’मध्ये नाहीत. वुजेक यांच्या नोंदीतली कार्यालयीन साहाय्यक इथे आठवावी. ज्या माणसांच्या असण्याने मनोरा उंच होतो, नेमकी त्यांनाच आपण कडेला उभे करून पाण्याच्या बाटल्या वाटायला लावतो.

महाराष्ट्रात याहून चांगली उदाहरणे नाहीत का?

आहेत, आणि ती रिसॉर्टच्या बाहेर आहेत. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. ४५ दिवस, भर उन्हाळा, गावाने मिळून श्रमदान करायचे, बांधबंदिस्ती आणि चर खोदाईला गुण. पहिल्या वर्षी ५० लाखांचे पहिले बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवले. रचना पाहिली तर ती शेरीफ यांच्या तिसऱ्या आठवड्याची आहे. पाणी खरोखर नव्हते, एका घराने किंवा एका भावकीने खोदून ते मिळणार नव्हते, आणि काम एका दिवसाचे नव्हते. निवडणुकीपासून एकमेकांशी न बोलणारी माणसे एका चरात उतरल्याचे अनेक गावांनी पाहिले. शास्त्रीय आखणीविना झालेली खोदाई, स्पर्धा संपल्यावरची देखभाल यांवर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आणि त्यांत तथ्य आहे. पण एकोप्याचा मार्ग कोणता, या प्रश्नापुरते तरी त्या ४५ दिवसांचे उत्तर स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण गोविंदा पथकांचे. गुरुपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत रोज रात्री सराव चालतो. खालच्या थरातला माणूस कोणालाच दिसत नाही, त्याला वर काय चाललेय तेही दिसत नाही. तरी त्याने खांदा हलवला तर सगळे कोसळते. जबाबदाऱ्यांची इतकी नेमकी वाटणी क्वचितच कुठल्या कंपनीत असेल. इथेही मुभेचा प्रश्न सुटलेला नव्हता, म्हणून न्यायालयात जावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीवर २० फुटांची आणि वयावर १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि १४ वर्षांखालील मुलांना थरावर चढवणार नाही या राज्य सरकारच्या हमीवर प्रश्न थांबला. सर्वात वरचे लेकरू ‘नाही’ म्हणू शकते का, हे तिथे निदान न्यायालयाने विचारले.

मग कंपन्यांनी काय करावे?

शिबिरे बंद करा असे म्हणण्याचे कारण नाही. सहल हवी असेल तर तिला सहल म्हणावे, घरच्यांनाही बोलवावे आणि गुण देऊ नयेत. खेळ शिकण्यासाठी हवा असेल तर तो कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, कार्यालयातच घेता येतो. मार्शमॅलोच्या खेळाचे सगळे साहित्य एका वडापाव पार्टीच्या खर्चात येते. गट चार-पाच जणांचे असावेत, वरिष्ठाने खेळावे किंवा खोलीबाहेर जावे, मध्ये उभे राहू नये. १८ मिनिटांच्या खेळाला किमान ४० मिनिटांची चर्चा असावी आणि त्या चर्चेत बोललेले मूल्यमापनात येणार नाही हे लेखी सांगावे. भाग न घेणाऱ्याला कारण विचारू नये. प्रशिक्षण संस्था निवडताना सध्या मनुष्यबळ विभागाचा पहिला प्रश्न असतो, ‘दिवसात किती अ‍ॅक्टिव्हिटी होतील?’ त्याऐवजी ‘प्रत्येक खेळानंतर बोलायला किती वेळ ठेवला आहे आणि आमची कोणती नेमकी अडचण घेऊन तुम्ही येणार आहात?’ असे विचारावे. त्यावर समोरून माहितीपत्रकच पुढे आले, तर तो शनिवार कर्मचाऱ्यांना घरी घालवू द्यावा.